एका खोलीत गायलेलं गाणं

‘‘मी बत्ती बघून गाणार नाही,’’ मी निमिषला सांगितलं. ‘‘सिग्नलला थांबायला मी काय रिक्षा आहे?’’

निमिष आपटे म्हणजे पुण्यातल्या त्या स्टुडिओचा मालक आणि आमच्या गाण्याचा निर्माता. तिशीतला, सज्जन, बोलायला मऊ. त्याने मला काचेच्या एका खोलीत उभं केलं होतं. समोर माइक, कानाला हेडफोन आणि माइकच्या शेजारी एक छोटी लाल बत्ती. ती ठेक्यावर उघडझाप करायची. तिच्याकडे बघत गायलं की ताल इकडचा तिकडे होत नाही, असं त्याचं म्हणणं.

‘‘वैजूताई, जिनेंद्र सरांनी सकाळीच त्यांचा भाग रेकॉर्ड केलाय. गिटार आणि आवाज, दोन्ही. तुम्ही फक्त त्यावर तुमच्या ओळी म्हणायच्या. हल्ली सगळे असंच करतात.’’

‘‘आणि सर कुठं आहेत?’’

‘‘पलीकडच्या खोलीत.’’

‘‘म्हणजे दोघं एका छपराखाली, आणि गाणार मात्र वेगवेगळं.’’

‘‘त्यांनीच तसं सांगितलंय,’’ तो म्हणाला आणि उगाच बत्तीची वायर सरळ करायला लागला.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. हेडफोन काढून मी खुंटीला अडकवला आणि म्हणाले, ‘‘आधी मला त्याला भेटू दे. मग बघू तुझ्या बत्तीचं.’’

आता मी कोण आणि तो कोण, हे सांगायला पाहिजे. मी वैजयंता कोष्टी, इचलकरंजीची. जिनेंद्र मगदूम म्हणजे जिनू, त्याच गावचा. त्याच्या वडिलांची मागाची शेड होती आणि माझे वडील त्या शेडमध्ये माग चालवायचे. आठवड्यातून एक दिवस फक्त मागांची वीज बंद असायची, तेव्हा सगळे माग गप्प व्हायचे. त्या दिवशी आम्ही दोघं त्या रिकाम्या शेडमध्ये बसून गाणी करायचो. त्याच्याकडे इलेक्ट्रिक गिटार, माझ्याकडे डफ. शाहिरी चाल, दळणाच्या ओव्या, धनगरी गाणी, आणि खाली गिटारचा दणका. आधी लोक हसले. मग मंडळवाले बोलवायला लागले, मग कॉलेजवाले, मग पुणे आणि गोवा. जोडीचं नाव ‘पायताण’ मी ठेवलं. जिनू म्हणाला, असलं कसलं नाव? मी म्हटलं, एका पायात घालून कोण चालतंय का? मग पटलं त्याला.

आमच्या गाण्यात एक गंमत होती, लोक त्यासाठीच यायचे. कडवं संपलं की मी शेवटचा ‘रं’ ओढायची. किती ओढायचा, ते आधी ठरलेलं नसायचं. मनाला येईल तितका. समोरचे लोक श्वास धरून बसायचे. मी सोडला की त्याच क्षणी जिनूचा आवाज आणि गिटार दोन्ही आत यायची. मधे सुई घालायलाही जागा नसायची. कसं जमतं म्हणून लोक विचारायचे, तर आम्हालाही सांगता यायचं नाही.

आणि ते मोडलं सांगलीत. मोठा कार्यक्रम होता, मोठं स्टेज. जिनू दोनदा चुकला. एकदा मी सोडून बसले तरी हा गप्पच, आणि एकदा माझा ‘रं’ अजून चालू असताना हा मधेच घुसला. विंगेत आल्यावर सगळ्यांसमोर मला म्हणाला, ‘‘तुझा श्वास कमी पडायलाय वैजे. झेपतंय तेवढंच ओढत जा.’’ माझा श्वास. ज्या श्वासावर आमची भाकरी होती, तो. मी तिथंच डफ उचलला आणि एसटीने घरी आले. पुढच्या महिन्यात तो बंगळूरला गेला, सिनेमाच्या संगीताची कामं करायला. मला सांगितलंही नाही.

माझं काही अडलं नाही. मी पाच बायकांचा ताफा उभा केला. हळदी, डोहाळजेवणं, जागरणं, निवडणुकीच्या प्रचाराची गाणी, सगळीकडे वैजू कोष्टी लागायचीच. पण ‘झेपतंय तेवढंच’ हे शब्द काही डोक्यातून गेले नाहीत. माझा श्वास कमी पडला नव्हता, हे मला माहीत होतं. नुसतं माहीत असून भागत नाही हो. ज्याने म्हटलं त्याच्या तोंडून ‘चुकलो’ ऐकल्याशिवाय ते माहीत असणं पुरं होत नाही.

म्हणून इतक्या वर्षांनी त्याचा मेसेज आला, ‘एक गाणं करूया, पायताणच्या नावानं’, तेव्हा मी फोन लावला. त्याने उचलला नाही. ‘फोनवर नको, पुण्यात भेट’ असा मेसेज आला. मी मनात म्हटलं, बंगळूरचं वारं लागलंय गड्याला. पण हो म्हटलं. एकदा समोरासमोर उभं राहून असा ‘रं’ ओढायचा की याला स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागेल, एवढ्यासाठी मी पुण्याला गेले होते. आणि हा मला काचेच्या डब्यात बंद करून समोर बत्ती लावायला निघाला होता.

निमिषने बाहेरच्या खोलीत चहा मागवला आणि जिनूला बोलावून आणलं. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण चाल तीच, जरा डावीकडे झुकलेली. माझ्यासमोर बसला आणि हसला.

‘‘बरी हाईस?’’

‘‘मी बरीच असते. तू सांग. सर झालास म्हणं.’’

‘‘लोक म्हणत्यात.’’

‘‘लोक काय, मारुतीलाबी शेंदूर फासत्यात.’’

तो हसला, पण जरा उशिरा. सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावात मागाच्या शेडमध्ये शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून तिथं सगळे ओठ वाचून बोलतात. आवाज काढायचा नाही, नुसती तोंडं हलवायची. शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला ‘दुपारी जेवायला काय आणलंयस’ म्हणून विचारतो आणि उत्तरही घेतो. ही सवय घरीही सुटत नाही. परगावाहून नवीन सुना येतात, त्यांना वाटतं, हा सासरा सारखा तोंडाकडे काय बघतोय. आम्हाला मात्र कोणी तोंडाकडे बघत नसेल, तर तो आपलं ऐकत नाहीय असं वाटतं. त्यामुळे जिनू तोंडाकडे बघतोय, म्हणजे गाव अजून विसरला नाही, एवढंच मी धरलं.

‘‘एका खोलीत का नको?’’ मी सरळ विचारलं.

‘‘आता असंच करत्यात. साफ निघतंय.’’

‘‘साफ काढायला ते काय कान हाईत? माझा ‘रं’ किती लांब जाणार, हे तुला सकाळी कसं कळलं?’’

‘‘मी आठ ठोके सोडल्यात.’’

‘‘आठ? मोजून?’’

‘‘मोजून.’’

मी चहा आणणाऱ्या बाईंकडे वळले आणि कप परत देताना म्हणाले, ‘‘बघा, आता हे मला मोजून श्वास देणार. रेशनवर.’’ बाई हसल्या. जिनूने मात्र मान वर केली नाही. कपातली साय काढत बसला. मी म्हटलं, बघा मस्ती. समोर बसून टोमणा मारला तरी ऐकून न ऐकल्यासारखं.

तरी मी निमिषसाठी एकदा गायचं कबूल केलं. त्याची काही चूक नव्हती. परत काचेच्या खोलीत गेले, हेडफोन लावला, आणि कानात जिनूची गिटार सुरू झाली. खोटं का बोलू, अंगावर काटा आला. हात तोच होता. गाणं त्याने केलेलं, शब्द दोघांचे, मागावरचा धोटा आडवा धागा घेऊन पळतो तसे मेसेजवर इकडून तिकडे पाठवून जमवलेले.

*आल्याड मी नि पल्याड तू,*
*मधनं धोटा पळतोय रं,*
*कुणी कुणाचा धागा धरला*
*कापडाला काय कळतंय रं.*

शेवटचा ‘रं’ मी घेतला. छान लागला. तो वर चढत होता, अजून खूप श्वास बाकी होता, आणि तेवढ्यात कानात जिनू सुरू झाला. आठ ठोके संपले होते ना. मी ओढतेय आणि हा माझ्यावरून पुढे निघालाय. तंतोतंत सांगलीसारखं.

मी हेडफोन काढून ठेवला.

‘‘ताई, नुसता थोडा आधी सोडा,’’ निमिष काचेपलीकडून म्हणाला. ‘‘आठ ठोके. बत्ती बघितलीत तर…’’

‘‘निमिष, तू चांगला माणूस आहेस. पण आता गप्प बस.’’

मी तरातरा पलीकडच्या खोलीत गेले. मनात बोलायचं सगळं तयार होतं, वर्षानुवर्षांचं. दार उघडलं. जिनू दाराकडे पाठ करून बसला होता, मांडीवर गिटार. वाजवत होता, आमचंच गाणं.

‘‘जिन्या,’’ मी दारातूनच सुरू केलं. ‘‘माझा श्वास मोजणारा तू कोण? तुझ्या बापाच्या शेडमध्ये गायला लागले तेव्हापासून कुणी मोजला न्हाई. सांगलीत तू चुकलास आणि नाव माझं घेतलंस. आज परत तेच करायलास. तोंड वळव आणि बोल माझ्याशी.’’

तो वाजवतच राहिला. मान डोलत होती. मला अजून राग आला, दोन पावलं आत गेले, आणि मग माझ्या कानाला काहीतरी टोचलं.

एक तार उतरली होती. नवी तार असेल, ताण सैल झाला असेल. चांगली अर्धा स्वर खाली. प्रत्येक वेळी तिच्यावर बोट पडलं की भांड्यावर भांडं घासल्यासारखं कानाला लागत होतं. आणि जिनू त्यावर मान डोलवत होता. हा माणूस. भर लग्नात एक तार केसाएवढी उतरली म्हणून नवरानवरीला अक्षता हातात धरून थांबवणारा. मी त्याला ओळखत होते. जगात सगळं सोडेल, पण बेसूर तार सोडणार नाही.

माझे पाय जागीच थांबले. राग कुठल्या कुठे गेला.

मी हळूच फिरून त्याच्या समोर आले. त्याने मान वर केली, हसला, तारांवर हात ठेवला. मी आवाज काढला नाही. कणभरही नाही. नुसते ओठ हलवले, शेडमध्ये हलवतो तसे.

‘भूक लागली काय? मिसळ मागवू?’

‘‘मागव की,’’ तो मोठ्याने म्हणाला. ‘‘पण इथली नको. गोड असती.’’

खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता. मी तशीच उभी राहिले. जिनूने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या ओठांकडे, आणि त्याला कळलं. गिटार त्याने बाजूला भिंतीला टेकवली, फार सावकाश.

‘‘आवाज काढला न्हाईस, व्हय?’’

मी मान हलवली.

‘‘शाणी हाईस.’’

‘‘कधीपासून?’’ आता मी आवाजात बोलले, पण त्याच्यासमोर नीट तोंड करून.

‘‘उजवा कान जाऊन लई दिवस झाले. डावा थोडा हाय. लांबनं कुणीतरी भिंतीपलीकडं बोलल्यासारखं येतंय. डॉक्टर म्हणतोय, तोबी जाणार. शेडमध्ये वाढलो, वर गिटारचे भोंगे कानाला. दोन्हीकडनं मार.’’

‘‘सांगलीत?’’

तो जमिनीकडे बघायला लागला. मी त्याची हनुवटी धरून वर केली. खाली बघितलं तर माझं बोलणं त्याला कळणार नव्हतं.

‘‘सांगलीत काय झालं, जिनू?’’

‘‘तवाच उजवा गेलता. त्याच्या आधी वर्षभर मी तुझं तोंड बघूनच येत होतो आत. श्वास संपत आला की तुझी हनुवटी अशी खाली येती. तुला ठावं न्हाई. सांगलीत त्यांनी तुला पुढं उभं केलं. माझ्याकडं पाठ. मला तुझी नुसती वेणी दिसायली होती.’’

‘‘म्हणजे माझा श्वास…’’

‘‘तुझ्या श्वासाला काय धाड भरली होती? मला सोडलेला कळला न्हाई, एवढंच.’’ जरा थांबून तो म्हणाला, ‘‘माझं चुकलं, वैजे. चूक माझी होती.’’

घ्या. जे ऐकायला मी पुण्याला आले होते, ते हेच. जशाच्या तशा शब्दांत. आणि मला इतकं रडू आलं की मी पदर तोंडाला लावला, मग लक्षात आलं, तोंड झाकलं तर याला काही कळणार नाही, म्हणून पदर काढला आणि उघड्या तोंडाने त्याला शिव्या दिल्या. मूर्खा म्हटलं, गाढवा म्हटलं. मला सांगितलं असतंस तर मी पाठ केली असती का तुझ्याकडे? स्टेजवर तुझ्या मांडीवर बसून गायले असते.

‘‘ते लोकांना लई आवडलं असतं,’’ तो म्हणाला.

‘‘कुणाला सांगितलंयस?’’

‘‘कुणालाच न्हाई. कॉम्प्युटरवर काम करतोय. आवाजाच्या लाटा दिसत्यात पडद्यावर, त्या बघून जुळवतोय. गिटारला काटेवालं मशीन हाय, ते सूर दाखवतंय. आज विसरलो लावायला.’’ त्याने गिटारकडे बघितलं. ‘‘उतरली हाय व्हय कुठली?’’

‘‘तिसरी.’’

त्याने डोळे मिटले. एवढ्या सगळ्यात त्याला खरी लाज त्या तारेची वाटली, हे मला दिसत होतं.

‘‘डावा जायच्या आधी एक गाणं तुझ्यासंगं करायचं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘एका खोलीत बसलो असतो तर तुला कळलं असतं. म्हणून बत्ती आणि आठ ठोके. मला वाटलं, तेवढ्यात भागंल.’’

मी गिटार उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. तिसरी तार मी छेडत गेले, तो खुंटी पिळत गेला, माझ्या मानेकडे बघत. वर, अजून वर, थांब.

‘‘चल,’’ मी म्हणाले.

‘‘कुठं?’’

‘‘एका खोलीत.’’

‘‘वैजे, मी चुकलो तर?’’

‘‘चुकलास तर मी हाय.’’

‘‘निमिषला सांगू नको.’’

‘‘मी कशाला सांगू? तू सांग, तुला वाटंल तवा.’’ त्याने नंतर खरंच सांगितलं, सगळ्या जगाला, मुलाखतीत. म्हणून तर आज मी हे बोलतेय.

निमिषला मी सांगितलं, मोठ्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर टाक. गुडघ्याला गुडघा लागला पाहिजे. बत्ती काढ. मोजणारं सगळं काढ.

‘‘ताई, पण तसं केलं तर दोघांचे आवाज एकमेकांच्या माइकमध्ये जातील. नंतर मला काहीही दुरुस्त करता येणार नाही.’’

‘‘दुरुस्त करायचंच नाही.’’

‘‘आणि चुकलं तर?’’

‘‘अरे, आज ज्याला त्याला हेच विचारायचंय. चुकलं तर चुकलेलं ऐकतील लोक. त्यांच्या घरी कोणी चुकत नाही का?’’

त्याने जिनूकडे बघितलं. जिनूने माझ्याकडे बोट दाखवलं, ती म्हणेल तसं. बिचाऱ्याने खुर्च्या मांडल्या. जुने कलाकार म्हणजे असला ताप, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

पहिल्यांदा आम्ही पडलो, आणि माझ्यामुळे पडलो. ‘रं’ घेताना मान मागे टाकायची माझी जन्माची सवय. मान मागे गेली, तोंड छताकडे, आणि जिनू वाट बघत बसला.

‘‘माझ्याकडं बघ की,’’ तो म्हणाला. ‘‘छताला काय ऐकवायलीस?’’

दुसऱ्यांदा मी मान हलू दिली नाही. ते सोपं नाही हो. वरचा सूर मान मागे टाकल्याशिवाय लावून बघा. गळ्याची शीर अन् शीर ताठ होते. पण मी जिनूच्या डोळ्यांत डोळे घालून गायले. डफ हातात, गुडघ्याला गुडघा. माझ्या पायाचा ठेका त्याच्या पायाला कळत होता. पहिल्या कडव्याचा ‘रं’ मी आखूडच ठेवला, त्याला धीर यावा म्हणून. सोडला, आणि जिनू आत आला. त्याच क्षणी. सुईला जागा नाही.

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला चेव चढला. दुसऱ्या कडव्याला मी लांब ओढला. तिसऱ्याला म्हटलं, आता बघच. छातीत होता नव्हता तेवढा श्वास घातला. आठ ठोके गेले, सोळा गेले असतील, मी काय मोजत नव्हते. निमिष काचेपलीकडे उभा राहिलेला मला कडेने दिसला. जिनूचा हात तारांवर तरंगत होता, नजर माझ्या हनुवटीवर, पापणी हलत नव्हती. मला वाटलं, हा ‘रं’ कधी संपूच नये, कारण तो संपेपर्यंत हा मला ऐकतोय. कानाने नाही, पण ऐकतोय. मग श्वास संपला. जिनू आला. दणक्यात आला. त्याचा आवाज पूर्वीपेक्षा खरबरीत झाला होता, पण सुरात होता, पक्का.

शेवटच्या ओळीला तो जोरात पळाला. आनंदाने पळाला, मला दिसत होतं. मी एक शब्द गिळला आणि त्याला जाऊन गाठलं. दोघं एकदमच थांबलो.

निमिष आत आला आणि आधी माइकची वायर गुंडाळायला लागला. शेवटी म्हणाला, ‘‘ते शेवटी थोडं पुढे गेलंय, पण… राहू दे. हात लावत नाही मी.’’

‘‘शहाणा आहेस,’’ मी म्हटलं. ‘‘आता ऐकव.’’

आम्ही तिघं त्याच्या यंत्रांच्या खोलीत बसलो. निमिष आमच्याकडे पाठ करून बटणांपाशी. त्याने गाणं लावलं. माझा आवाज खोलीभर झाला. मी जिनूकडे बघितलं. तो शहाण्यासारखा मान डोलवत होता, निमिषने वळून बघितलं तर दिसावं म्हणून. पण डोलणं ठेक्यात नव्हतं. गाणं सुरू होऊन कुठवर आलंय, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

मी खुर्ची त्याच्यासमोर ओढली. आणि आवाज न काढता ते सगळं गाणं परत म्हटलं, ओठांनी. माझ्या ओळी माझ्यासारख्या, त्याच्या ओळी त्याच्यासारख्या तोंड वाकडं करून. गिटार जिथं होती तिथं हाताने गिटार. ‘रं’ आला तेव्हा तोंड उघडं ठेवलं, स्पीकरमधला सुटेपर्यंत. जिनू डोलायचं थांबला. हात मांडीवर ठेवून नुसता बघत राहिला. शेवटी तो पळाला होता तिथं मी पळाले, आणि त्याला गाठलं ते गाठून दाखवलं. तेव्हा तो हसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने ते पुसलं नाही. पुसलं असतं तर तेवढा वेळ माझं तोंड दिसलं नसतं.

गाणं संपलं. निमिष कसली तरी वायर शोधायला बाहेर गेला.

‘‘माझा कसा झालाय?’’ जिनूने विचारलं. आवाज अगदी बारीक काढला होता, त्याला वाटत होतं तितका बारीक नव्हता.

‘‘घोगरा. रात्रभर किराणा दुकानासमोर ओरडल्यासारखा. पण सुरात.’’

‘‘खरं सांग.’’

‘‘खरंच सांगायले. सुरात हाय. एका जागीबी सुटला न्हाई.’’

त्याने बाहीने डोळे पुसले. मग म्हणाला, ‘‘आणि तुझा?’’

‘‘माझा एक नंबर.’’

‘‘हॅट्,’’ जिनू म्हणाला. ‘‘ते कळायला कान कशाला पाहिजेत?’’